टपाखालचे घर

टांग्याला टप असे, छकड्याला टप असे. आणि पुढे एस.टी.ची गाडी आली तेव्हा तिच्या टपावर भाजीच्या पाट्या, कोंबड्यांची खुराडी आणि वऱ्हाडाच्या ट्रंकादेखील चढल्या. वाहनाच्या डोक्यावरचे छप्पर एवढाच त्या शब्दाचा अर्थ. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन व ऑरेगन या राज्यांत आणि सीमेपलीकडील कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ‘कॅनपी’ म्हणून जी वस्तू घरांच्या मागल्या अंगणांतून पडलेली आढळते, तिला मराठीत याहून नेमका शब्द सापडावयाचा नाही. तिकडच्या हौशी मंडळींनी या टाकाऊ टपापासून प्रवासाचे घर उभारण्याचा एक उद्योग चालविला आहे. तो उद्योग करमणुकीचा खरा; परंतु त्यात रस्त्यावर जीव जाण्याचा संभवही आहे, आणि म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम हा टप येतो कोठून ते पाहिले पाहिजे. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या मागे उघडा हौदा बसवून ती २८१ डॉलरांना विकावयास काढली. शेतकरी, सुतार, गवंडी अशा लोकांची ‘पिकप’ गाडी तेव्हापासून रूढ झाली. आठवडाभर या हौद्यातून लाकूड, सिमेंट, गवताच्या पेंढ्या वाहावयाच्या आणि रविवारी त्याच हौद्यात गळ, जाळी आणि पोरे घालून नदीकाठ गाठावयाचा, असा त्या गाडीचा दुहेरी संसार. वायव्येकडे पाऊस बराच. तेव्हा हौद्यावर झाकण हवे. म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा किंवा काचतंतू व राळ यांच्या मिश्रणाचा टप तयार होऊ लागला. त्याला दोन्ही बाजूंस सरकत्या खिडक्या असतात, समोर एक काच असते आणि मागे वर उचलले जाणारे दार असते. हौद्याच्या काठावर तो शिकंज्यांनी पकडून बसवितात. चार माणसांनी धरला की तो उतरविता येतो.

अडचण एवढीच, की टप हा एका विशिष्ट गाडीच्या मापाचा असतो. आठ फुटी हौद्याचा टप साडेसहा फुटी हौद्यावर बसत नाही. एका कारखान्याच्या गाडीचा दुसऱ्या कारखान्याच्या गाडीवर बहुधा नीट बसत नाही. गाडी गंजून जाते, विकली जाते, अपघातात सापडते. पण काचतंतूचा टप काही गंजत नाही. तो मागे उरतो. मग तो कुंपणाला टेकवून ठेवतात, त्याखाली सरपण रचतात, क्वचित त्यात कोंबड्या नांदू लागतात. घरधनीण तो हलविण्याचा तगादा लावते आणि शेवटी ‘येऊन घेऊन जा, पैसे नकोत’ अशी पाटी रस्त्यावर लागते. ज्या माणसाच्या मनात प्रवासाची हौस असते पण खिशात तयार फिरत्या घराची किंमत नसते, तो ही पाटी वाचून थबकतो. छप्पर, खिडक्या आणि दार ही घराची तीन कठीण अंगे येथे फुकट मिळत आहेत. उरल्या त्या भिंती, जमीन आणि चाके, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब किती खरा आणि किती भाबडा हे त्याला पुढे कळावयाचे असते.

स्वतःच्या हातांनी फिरते घर करण्याची परंपरा जुनी आहे. हौसेखातर केलेल्या फिरत्या घरांत पहिला मान सामान्यतः ‘वाँडरर’ या इंग्लिश गाडीला दिला जातो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त शस्त्रवैद्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून ती बांधून घेतली. ती सुमारे दोन टन वजनाची असून तिला घोडे ओढीत असत. हे झाले सधनाचे काम. पुढे डेट्रॉइट येथील आर्थर शेरमन या गृहस्थांची कथा अधिक मनोरंजक आहे. ते पेशाने जंतुशास्त्रज्ञ. त्यांनी एक तंबूगाडी विकत घेतली. ती काही मिनिटांत उभी राहते अशी विकणाराची ग्वाही होती. पहिल्याच सफरीत पाऊस कोसळला, तंबू काही केल्या उभा राहीना, आणि सारे कुटुंब चिंब भिजले. शेरमनसाहेबांनी परत येऊन सुताराकडून दाबलेल्या लगद्याच्या फळ्यांची एक साधी चौकोनी पेटी चाकांवर बसवून घेतली. मुलांनी तिला ‘कव्हर्ड वॅगन’ असे नाव दिले. १९३० साली डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली गेली आणि पुढील पाच-सहा वर्षांत त्याच नावाचा कारखाना अमेरिकेतील फिरत्या घरांच्या कारखान्यांत अग्रगण्य होऊन बसला.

याच सुमारास लॉस एंजेलिस येथे वॉली बायम यांनी ‘मॉडेल टी’च्या सांगाड्यावर तंबू ठोकला होता, पण त्यांच्या पत्नीला चुलीवाचून प्रवास मान्य नव्हता. बायम यांनी भिंती उभारल्या, आत चूल मांडली, आणि आपण हे कसे केले याचा लेख लिहून त्याचे आराखडे एकेका डॉलरला विकले. त्यांचा ‘एअरस्ट्रीम’ कारखाना या आराखड्यांतून निघाला आणि १९३६ साली त्याची चकाकती ॲल्युमिनियमची ‘क्लिपर’ गाडी बाजारात आली. काचतंतूच्या घराची जन्मकथा तर याहूनही गमतीची. कॅनडातील विनिपेग येथे रे ओलेको यांनी शौचकूपाच्या हलक्या टाकीसाठी काचतंतू वापरले होते. तेच साहित्य वापरून त्यांनी १९६८ साली ‘बोलर’ नावाचे चिमुकले फिरते घर तयार केले. वरचा आणि खालचा असे दोन साचे काढून ते मध्यावर जोडले, की झाले घर. टपापासून घर करणारा माणूस ओलेकोंच्याच वाटेने जातो. फरक एवढाच, की त्याच्या हाती वरचा अर्धा भाग आयता आलेला असतो आणि खालचा त्याला स्वतः करावयाचा असतो.

तो खालचा भाग करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत सोपी दिसते. भंगारातली पिकप आणावयाची, चालकाच्या खोलीमागे तिचा सांगाडा कापावयाचा, पुढे पोलादी दांडी जोडावयाची, आणि हौद्यावर टप चढवावयाचा. टप आपल्या जागी बरोबर बसतो, मागली फळी जागच्या जागी राहते, दिवेसुद्धा तेच. परंतु त्या हौद्याखालचा आस आणि कमानपाटे अर्धा-पाऊण टन माल वाहण्यासाठी घडविलेले असतात. हलक्या बिछान्याला ते दाद देत नाहीत. रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उडी घेते. शिवाय मागल्या आसाच्या पोटातील दंतचक्रे काही काम नसताना फिरत राहतात आणि त्यांना वंगण मात्र पाजावे लागते. जड, दणकट आणि थोडी आडमुठी अशी ही गाडी होते.

दुसरी रीत म्हणजे सपाट, दुचाकी ओढगाडीवर लाकडी भिंती उभारून त्यावर टप ठेवणे. येथे खरी कारागिरी लागते. अमेरिकेत प्लायवुडचा तक्ता चार फूट रुंद व आठ फूट लांब येतो आणि लहान ओढगाडीचे तळही बहुधा त्याच मापाचे असते. टप मात्र रुंदीला साडेपाच फूट किंवा त्याहून थोडा अधिक भरतो, कारण तो हौद्याच्या बाहेरच्या कडांवर बसावयाचा असतो. म्हणजे खाली चार फूट आणि वर साडेपाच! मग भिंत चाकांवरून बाहेर काढावी लागते आणि आत दोन्ही बाजूंस फडताळासारखे कट्टे तयार होतात. ही अडचण आहे असे प्रथम वाटते. पण निजणाराच्या उशाशी कंदील, चष्मा, पाण्याचा तांब्या ठेवण्यास त्या कट्ट्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही, आणि अनुभवी माणसे ती मुद्दाम राखतात.

भिंत किती उंच घ्यावी हा पुढचा प्रश्न. टपाची उंची सुमारे दोन फूट. खाली दोन फुटांची भिंत घेतली तर एकूण चार फूट होतात. चार इंचांची गादी वजा जाता माणूस ताठ बसू शकतो, कपडे बदलू शकतो, पत्ते खेळू शकतो. चार फुटांची भिंत घेतली तर उभेही राहता येईल. येथेच पुष्कळांचा मोह अनावर होतो. उभे राहता येणारे घर म्हणजे खरे घर, ही भावना स्वाभाविक आहे. परंतु वाऱ्याला त्या भावनेची कदर नसते. उंच भिंत वारा अडविते, ओढणाऱ्या मोटारीचे पेट्रोल पिते, आणि गुरुत्वमध्य वर नेऊन वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढविते. दोन फुटांवर थांबणारा माणूस शहाणा म्हणावा.

लाकडाच्या जाडीविषयीही असेच. पाऊण इंच जाडीच्या आठ फुटी प्लायवुडचे वजन सुमारे ७० पौंड भरते. पाव इंचाचे सुमारे २५. घरात ज्याला भक्कमपणा म्हणतात तो रस्त्यावर ओझे होऊन बसतो. म्हणून जाणते कारागीर जमिनीला जाड तक्ता वापरतात, भिंतीला पातळ तक्ता आणि आत बारीक पट्ट्यांचा सांगाडा देतात. बाहेरच्या बाजूला जलरोधक सरसाने कापडी कॅनव्हास चिकटवून त्यावर घराच्या बाह्य रंगाचे दोन-तीन हात देण्याची एक जुनी युक्ती तिकडे प्रचारात आहे. ‘गरिबाचा काचतंतू’ असे तिला विनोदाने म्हणतात. ती स्वस्त आहे आणि मन लावून केली तर वर्षानुवर्षे टिकते. भिंतीच्या पोटात उबेसाठी थर्माकोल भरावयाचा असेल तर मात्र एक दक्षता घ्यावी लागते. काचतंतूच्या कामात सर्रास वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ थर्माकोलवर पडली, की ऊन पाण्यात साखर विरावी तसा तो विरून जातो.

आता त्या गोष्टीकडे वळले पाहिजे, जिच्यावाचून बाकीचे सारे व्यर्थ आहे. ती गोष्ट म्हणजे वजनाची वाटणी. बैलगाडी हाकणाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. गाडीत मागे ओझे अधिक झाले की गाडी उलाळ होते, दांडी वर उठते आणि जू बैलांच्या गळ्याला लागते. म्हणून पोती भरणारा थोडे ओझे आसाच्या पुढे ठेवतो; अगदी पुढे ठेवले तर बैलांचे खांदे दुखतात, हेही त्याला ठाऊक असते. मोटारीमागच्या ओढगाडीला हाच नियम लागू आहे. परंतु बैल तासाला दोन-अडीच मैल चालतो आणि मोटार साठ मैल धावते, एवढ्या फरकाने नियमाचे स्वरूप भयंकर होते. मागे जड असलेली ओढगाडी वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. पहिला झोका वाऱ्याने येतो, किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या ट्रकने. दुसरा त्याहून मोठा असतो, तिसरा त्याहून. चौथ्या-पाचव्या झोक्याला ती पुढल्या मोटारीचे शेपूट धरून तिलाही फिरविते.

हे टाळण्यासाठी अमेरिकेतील प्रघात असा आहे, की ओढगाडीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन दांडीच्या टोकावर, म्हणजे मोटारीच्या गोळ्यावर, पडावे. एक उदाहरण घेतल्यास हा हिशेब किती नाजूक आहे ते कळेल. समजा, बांधून झालेल्या घराचे वजन १,२०० पौंड आहे आणि दांडीवर १४० पौंड पडत आहेत. हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे उत्तम. आसापासून गोळ्यापर्यंतचे अंतर आठ फूट आहे. आता मागल्या दाराशी, आसापासून चार फूट मागे, दहा गॅलन पाण्याची टाकी ठेवली. अमेरिकी गॅलनभर पाणी सुमारे ८.३ पौंडांचे, म्हणजे टाकीचे पाणी ८३ पौंड झाले. तरफेच्या नियमाने दांडीवरचे सुमारे ४१ पौंड उचलले गेले आणि ९९ उरले. मग कोणाला दोन सायकली नेण्याची हौस आली. त्यांचे साठ पौंड आसापासून सहा फूट मागे, दाराबाहेर टांगले. आणखी ४५ पौंड गेले. दांडीवर उरले ५४ पौंड आणि घराचे वजन झाले १,३४३. प्रमाण चार टक्के! घर तेच, चाके तीच, कारागिरी तीच. पण सकाळी जी गाडी मुकाट्याने मागे येत होती ती दुपारी उतारावर घातक होऊन बसली. तिच्यात नवे काय आले, तर दोन सायकली आणि थोडे पाणी.

यासाठी लागणारे साधन घरोघर असते. स्नानगृहात वजन करण्याचा जो काटा असतो, तो ठोकळ्यावर ठेवून त्यावर दांडीचे टोक टेकवावे आणि गाडी समपातळीत असताना आकडा वाचावा. लहान गाडीला एवढे पुरते. आणि हे वजन सामान भरून झाल्यावर करावयाचे, रिकाम्या गाडीचे नव्हे. आस कोठे बसवावा याचा ढोबळ ठोकताळा असा सांगतात, की घराच्या लांबीचा साठ टक्के भाग आसाच्या पुढे असावा. परंतु ठोकताळ्यावर विसंबून आस कायमचा जोडून टाकण्यापेक्षा, तो पुढेमागे सरकविता येईल असा बोल्टांनी धरून, घर बांधून झाल्यावर त्याची जागा पक्की करणारे कारागीर अधिक दूरदर्शी होत. एवढे करूनही रस्त्यावर झोके सुरू झालेच, तर जोराने ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. वेगवाहिनीवरचा पाय हळूहळू काढावा, चक्र सरळ धरावे, आणि ओढगाडीला स्वतंत्र ब्रेक असतील तर तेवढेच लावावेत.

दांडीची आणि कडीची कामे, म्हणजे ज्यांवर सारे वजन ओढले जाते असे सांधे, हौशी माणसाने स्वतः जोडू नयेत. प्लायवुडची भिंत वाकडी झाली तर शेजारी हसतील. दांडीचा सांधा सुटला तर समोरून येणारा कोणी निरपराध मनुष्य प्राणास मुकेल. पत्र्यावर जस्ताचा लेप असेल तर जोडकामापूर्वी तो घासून काढावा लागतो, नाहीतर त्याच्या धुराने अंगात कापरे भरून ताप येतो. दांडीच्या दोन्ही बाजूंस साखळ्या असतात आणि त्या एकमेकींस छेदून बांधावयाच्या असतात. कारण उघड आहे. वाटी गोळ्यावरून निसटली तर दांडीचे टोक जमिनीत रुतण्याऐवजी त्या फुलीच्या झोळीत पडते. दिव्यांच्या चार तारांचे रंग तिकडे ठरून गेले आहेत. पांढरी तार परतीची, तपकिरी मागल्या दिव्यांची, पिवळी डाव्या वळणाची आणि हिरवी उजव्या वळणाची. पांढरी तार सांगाड्याच्या रंगावरच स्क्रूने आवळली आणि दिवे लुकलुकू लागले, अशी तक्रार नेहमीची. रंग खरवडून धातूला धातू भिडविला की दिवे शहाणे होतात.

पाण्याचे प्रकरण याहून चिवट आहे. ट्रकवर असताना टपाचा समोरचा दर्शनी भाग चालकाच्या खोलीच्या आडोशाला असतो. त्याने वारा-पाऊस कधी तोंडावर घेतलेला नसतो. ओढगाडीवर आल्यावर मात्र तोच भाग उघडा पडतो. ताशी साठ मैलांच्या वेगात पाऊस वरून खाली पडत नाही. तो समोरून येतो आणि फटी सापडतील तेथे खालून वरही चढतो. समोरची काच तर मोटारीच्या चाकांनी उडविलेल्या खड्यांच्या थेट माऱ्यात येते. तिच्यावर फळी लावणे किंवा ती काढूनच टाकणे बरे. कौले शाकारणाऱ्याला जी शिस्त माहीत असते, वरचे कौल नेहमी खालच्यावर चढलेले हवे, ती येथे दुप्पट पाळावी लागते. वरचा थर खालच्यावर आणि पुढचा थर मागच्यावर. टप भिंतीच्या बाहेरून खाली उतरला पाहिजे; भिंतीच्या आत उतरलेला टप म्हणजे पन्हळच. टप आणि भिंत यांच्यामध्ये कधीही पुरते न वाळणारी ब्यूटिल रबराची पट्टी घालतात. सिलिकोनची लुकणे झटपट लागतात खरी. पण त्यांचा अंश पृष्ठभागावर मागे राहतो आणि पुढे त्या जागी ना रंग धरत, ना दुसरे लुकण. टपाची कड काचतंतूची असेल तर बोल्टाखाली रुंद वायसर हवे. नाहीतर हादऱ्यांनी भोकापासून तडे जातात.

एवढ्या निगुतीने बाहेरचे पाणी अडविले तरी आतले पाणी राहतेच. दोन माणसे रात्रभर श्वास घेतात आणि त्या श्वासातील बाष्प थंड टपाला लागून पहाटे थेंबाथेंबाने अंथरुणावर ठिबकते. नवखा माणूस छप्पर गळते असे समजून पुन्हा लुकण भरीत बसतो आणि घर अधिकच घट्ट बंद करतो. वास्तविक उपाय उलट असतो. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, जमल्यास छताला झरोका काढावा, आणि गादीखाली सलग फळी न घालता पट्ट्यांची जाळी द्यावी. नाहीतर आठवड्याभरात गादीच्या पाठीला बुरशी धरते.

वायुवीजनाचा प्रश्न केवळ बुरशीपुरता असता तर बरे झाले असते. थंडीच्या रात्री स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावण्याने माणसे झोपेतच दगावली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि चार फूट उंचीच्या बंद पेटीत त्याला साठावयास फार वेळ लागत नाही. चूल बाहेरच असावी. मागचे दार वर उचलले की ते छत्रीसारखे डोक्यावर येते. त्याखाली फळी टाकून स्वयंपाक करण्याची सोय पूर्वीच्या लहान प्रवासी गाड्यांतही अशीच असे. आणि याच दाराविषयी आणखी एक गोष्ट. टप माल झाकण्यासाठी केलेला असतो. माल आतून दार उघडीत नाही. म्हणून पुष्कळ टपांच्या दाराची मूठ केवळ बाहेरूनच फिरते. आतून उघडणारी कडी बसविल्याशिवाय त्यात एक रात्रही कोणी निजू नये. जमिनीचा गालिचा आणि खिडक्यांचे पडदे यांवर आठवडे घालविणाऱ्यांनाही या दहा मिनिटांच्या कामाची आठवण करून द्यावी लागते, हे नवल आहे.

खर्चाचे म्हणाल तर फुकटचा टप हा फार महाग पडणारा फुकट पदार्थ आहे. आस, चाके, टायर, दिवे, बोल्ट, रंग, गादी यांची बेरीज करता करता तयार जुन्या गाडीची किंमत कधी जवळ येते ते कळत नाही. तरीही लोक हे करतात, आणि सगळेच हौसेखातर करतात असे नाही. २००८ च्या आर्थिक आपत्तीनंतर घर गमावलेली, निवृत्तिवेतन न पुरणारी अनेक वृद्ध माणसे अमेरिकेत वाहनांतून राहू लागली. हंगामी कामांमागे फिरणाऱ्या या लोकांची हकीकत जेसिका ब्रुडर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात नोंदविली आहे. एकाच मुक्कामावर शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन टपांपैकी एकाचा मालक रविवारी संध्याकाळी घरी परततो आणि दुसरा घरीच असतो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्याच्या दृष्टीने बाष्पाचा, थंडीचा आणि आतल्या कडीचा प्रश्न सुटीपुरता नसतो.

सरकारी बाजू तिकडे फारशी जाचक नाही. घरी केलेल्या ओढगाडीची तपासणी होऊन तिला क्रमांक देण्याची व्यवस्था अनेक राज्यांत व प्रांतांत आहे. त्यासाठी विकत घेतलेल्या सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. ठराविक वजनापुढे, अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढे, ओढगाडीला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. भारतात मात्र एखाद्याने हे ऐकून उद्याच करवत उचलू नये. वाहनाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली ती उचलून धरली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण मंजूर केले. पण त्याचा रोख नोंदणीकृत वाहने आणि त्यांचे वाहनतळ यांकडे आहे, परसात बांधलेल्या घराकडे नाही.

तिकडे अशा घराची पहिली सफर जवळची ठेवण्याची पद्धत आहे. रात्री मुक्काम घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, म्हणजे काही विसरले तर परत येता येईल आणि काही मोडले तर कोणाला बोलाविता येईल. आदल्या दिवशी बागेतली पाण्याची नळी लावून टपावर, सांध्यांवर आणि खिडक्यांवर भरपूर पाणी सोडावयाचे आणि आत विजेरी घेऊन एकाने बसावयाचे. मुलांना हे काम फार आवडते. निघाल्यावर पंचवीस मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावयाचे, कारण नवी चाके पहिल्या फेरीत हमखास थोडी सैल होतात. साखळ्या जमिनीला घासत नाहीत ना, दिवे चारी लागतात ना, हे पाहावयाचे. मग वाकून दोन्ही चाकांच्या तुंब्यांना हात लावावयाचा. तुंबा कोमट असेल तर पुढे निघावे. हात ठेववत नसेल तर बेअरिंग कोरडे पडले आहे किंवा फार आवळले गेले आहे, आणि त्या दिवसाचा मुक्काम तेथेच, रस्त्याच्या कडेला, वंगणाचा डबा उघडून करावयाचा.